बापूंच्या नावाची बाटली

सव्वीस वर्षांच्या संसारात बापूंनी बायकोकडे मागितलेली पहिली गोष्ट म्हणजे लघवी.

त्याआधी ते मागत नसत, सांगत. चहा पाठव. बारा माणसं जेवायला आहेत. उद्या महिला मेळाव्याला बसायचंय, हिरवी साडी नेस. मागणं असं हे पहिलंच. स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले, घसा खाकरला, खिशातल्या किल्ल्यांचा जुडगा उगाच खुळखुळवला. उज्ज्वलाला क्षणभर वाटलं, माफीबिफी मागतात की काय. माणसानं इतकी आशा धरू नये.

"जरा काम होतं," बापू म्हणाले आणि खिशातून झाकणाची एक छोटी बाटली काढून ओट्यावर, कोथिंबिरीच्या शेजारी ठेवली. "यात तुझी पाहिजे."

"काय माझी?"

"अगं, हळू बोल. लघवी."

धैर्यशील शिंगटे ऊर्फ बापू हे आंबेखिंड तालुका दूध संघाचे चेअरमन. दोनदा झाले होते, तिसऱ्यांदा उभे होते. वजन चौऱ्याण्णव किलो, तालमीत कमावलेलं अंग, त्यावर वीस वर्षांच्या पंगती चढलेल्या. दुधाची धार कशी काढतात हे त्यांनी लहानपणी लांबून पाहिलं होतं. एवढ्या भांडवलावर माणूस दहा वर्षं दुधाचा कारभार बघतो, आणि लोक त्याला हारही घालतात.

आता मध्ये आडवा आला होता नवा नियम. गेल्या काही वर्षांत जिल्ह्यातले चार चेअरमन खुर्चीत बसल्याबसल्या हृदय बंद पडून गेले. दर वेळी नवी निवडणूक, नवे मांडव, नवी मटणं. शेवटी वरून हुकूम आला: सहकारी संस्थेला उभं राहायचं तर अर्जासोबत पाचवर्षी जोडा. ज्यांनी हुकूम काढला त्यांनी स्वतःला तेवढं त्यातून वगळलं, हे सांगायला नकोच.

पाचवर्षी म्हणजे एक आकडा. तो समजायला फार हुशारी लागत नाही, म्हणूनच सगळ्यांना वाटायचं की आपल्याला तो समजला.

मूत्रपिंडात गाळण्या असतात हे शाळेत सगळे शिकतात. गाळण्यांच्या मागे केसाहून बारीक नळ्या असतात, हे कुणी ध्यानात ठेवत नाही. खरी राबणारी मंडळी त्या. दिवसाला दीडशे लिटरच्या वर पाणी गाळलं जातं आणि बाहेर पडतं कसंबसं दीड लिटर. बाकीचं सगळं, कामाची साखर, मीठ, पाणी, या नळ्या गुपचूप परत रक्तात नेऊन ठेवतात. त्यांना मार लागला, म्हणजे पाणी कमी पडलं, रक्त पुरेसं पोचलं नाही, वर्षानुवर्षं दुखण्याच्या गोळ्या पोटात गेल्या, की त्यांच्या अस्तराच्या पेशी काही ठरावीक प्रथिनं लघवीत सोडतात. रक्ताच्या नेहमीच्या तपासणीत तोवर सगळं ठणठणीत दिसत असतं. घराला वाळवी लागते तेव्हा चौकट उभीच असते, रंगही छान असतो, फक्त उंबऱ्याशी चिमूटभर भुसा पडलेला दिसतो. ही प्रथिनं म्हणजे तो भुसा.

आणि गंमत अशी की ज्यांच्या लघवीत हा भुसा जास्त, ती माणसं पुष्कळदा मूत्रपिंडानं मरतच नाहीत, त्याआधी हृदयानं मरतात. ज्या बारीक रक्तवाहिन्या नासल्या म्हणून नळ्या उपाशी पडतात, तशाच त्या हृदयातही नासत असतात. शिवाय दुखावलेल्या नळीला मीठपाण्याचा मेळ राखता येत नाही, मग रक्तदाब चढतो आणि तो भार पुन्हा हृदयावरच येतो. पूर्वी हे हजार माणसांच्या घोळक्याबद्दल सांगता यायचं, एकट्यादुकट्याबद्दल नाही. मग अशी दहाबारा प्रथिनं एका थेंबात मोजणारी पट्टी निघाली, तिच्या पाठीशी लाखो लोकांच्या वीस वर्षांच्या नोंदी उभ्या राहिल्या, आणि यंत्र सांगू लागलं: पुढच्या पाच वर्षांत हृदयानं जाण्याची शक्यता इतके टक्के. बारापर्यंत हिरवं, त्याच्या वर लाल. लाल असेल तर खुर्ची नाही.

कायदा गावात येतो त्याच्या आदल्या दिवशी पळवाट येऊन बसलेली असते. बापूंनी आठ दिवस डोकं चालवलं होतं आणि त्याचं सार आता ओट्यापाशी उभं राहून ते सांगत होते.

"तालमीतली पोरं डब्यातल्या पावडरी खातात. ड्रायव्हर पितो. निवास सुतार माझा पीए आहे खरा, पण त्याचा साडू विरोधी पॅनेलमध्ये आहे. मग म्हटलं, घरचं घरात राहील. तुला काय धाड भरलीय? दारू नाही, मटण नाही, उपासतापास. तुझ्याइतकं स्वच्छ तालुक्यात कुणाचं असणार?"

ही सव्वीस वर्षांतली पहिली स्तुती. तीसुद्धा लघवीची.

"तुमचीच द्या की," उज्ज्वला म्हणाली. "असंल बरी."

बापूंनी तिच्याकडे असं बघितलं, जणू तिनं त्यांना पुलावरून उडी मारायला सांगितलं होतं. विरोधकांना भर चौकात शिव्या देणारा हा मर्द गडी स्वतःच्या आकड्याला घाबरला होता. चोराच्या मनात चांदणं. त्यांच्या मनात बसल्या होत्या वीस वर्षांतल्या बाटल्या आणि पंगती.

उज्ज्वला अठ्ठेचाळीस वर्षांची, पंचेचाळीस किलोची. तिला काही झालेलं नाही असं घरात सगळे म्हणत. ते एका अर्थी खरं होतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. गुडघे नऊ वर्षांपासून दुखत होते. त्यावर ती रोज दोन पांढऱ्या गोळ्या घ्यायची, सकाळी एक, दुपारी एक, म्हणजे पंगतीला उभं राहता यायचं. तिनं बाटली उचलली आणि आत गेली. नाही म्हणायची सवय असावी लागते.

अर्ध्या तासातच, भर दुपारी, जिल्ह्याच्या लॅबमधून नमुना न्यायला बाई आली. नसरीन मुजावर नाव, पस्तिशीची, मिरजेची, चेहऱ्यावर उन्हानं रापलेला कंटाळा. नमुना ताजा आणि अंगाइतका गरम आहे की नाही एवढंच पट्टी तपासायची. म्हणून दूध संघाचे चेअरमन बायकोची बाटली काखेत दाबून स्वतःच्या बाथरूममध्ये गेले, उगाच नळ सोडला, दोन मिनिटं थांबले आणि विजयी मुद्रेनं बाहेर आले. नसरीननं बाटलीवर चिकटपट्टी लावली: धैर्यशील शिंगटे, पुरुष, वय छप्पन्न, वजन चौऱ्याण्णव.

दुसऱ्या दिवशी आकडा आला. एकतीस टक्के. लालभडक.

बापू फोन हातात घेऊन स्वयंपाकघरात आले तेव्हा त्यांच्या तोंडाला फेस यायचा बाकी होता.

"काय करून ठेवलंस हे? एवढं एक काम सांगितलं होतं. एक! आयुष्यात एक काम धड झालं नाही तुझ्याच्यानं."

उज्ज्वलानं आकडा पाहिला. तव्यावर भाकरी होती, ती तिनं उलटवली. एकतीस म्हणजे तिघांतला जवळजवळ एक, हे तिला कळत होतं. लग्नाआधी बारावीला गणितात तिला ब्याऐंशी मार्क होते. गरज नसताना तिनं भाकरी पुन्हा उलटवली. ती भीतीच होती, दुसरं काही नव्हतं. ती बापूंच्या तोंडाकडे बघत राहिली, की आता यांच्या लक्षात येईल. आता येईल. एवढं तर कुणाच्याही लक्षात येतं.

बापू म्हणाले, "अपिलाला पंधरा दिवस असतात का गं?"

अशा बातम्या झाकून राहत नाहीत. संध्याकाळपर्यंत तालुक्याला कळलं की बापूंच्या हृदयाचं काही खरं नाही. आणि खरं सांगायचीही सोय नव्हती. नमुना बदलला असं म्हणावं तर सहा वर्षं निवडणूक बंद. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. मग काय, बापूंना आजारी पडावं लागलं. सोफ्यावर तक्क्याला टेकून, छातीवर हात ठेवून, धट्टाकट्टा माणूस मरणाला टेकल्यासारखा बसला. आणि लोक यायला लागले.

लोक म्हणजे काय वर्णावे. ज्यांनी दहा वर्षं बापूंच्या जिवावर कंत्राटं ओढली ते डोळे पुसत आले आणि जाताना पुढचा चेअरमन कोण याची चाचपणी करून गेले. बापूंचा धाकटा भाऊ संग्राम रोज सकाळी हजर. "दादा, तू फक्त आराम कर," म्हणायचा आणि नजर कोपऱ्यातल्या बापूंच्या गाडीच्या किल्लीवर. सासूबाईंना, म्हणजे आईसाहेबांना, बाटलीचं काही ठाऊक नव्हतं. चौऱ्याहत्तर वर्षांची ती बाई खरोखरच हबकली. तिनं देव पाण्यात घातले, घरात जप बसवला आणि सुनेला फर्मावलं, "पौर्णिमेपर्यंत रोज एक वेळ जेवायचं सूनबाई. आणि वटपौर्णिमा यंदा निर्जळी. नवऱ्याचं आयुष्य तुझ्या हातात आहे."

बापूंना दर तासाला नारळपाणी जाऊ लागलं. ते उज्ज्वला फोडून आणायची. स्वतः मात्र दिवसभर घोट घेत नव्हती, कारण घर माणसांनी भरलेलं, खालच्या मजल्यावरचं बाथरूम पाहुण्यांना दिलेलं आणि वर जायला गुडघे नव्हते. ही सवय काही आजची नव्हती. लग्न झाल्यापासून हळदीकुंकू, मेळावे, शिलान्यास, प्रचार. बाईनं स्टेजवर चार चार तास हसत बसायचं, आणि कुठल्याच मांडवामागे बायकांसाठी कधी काही नसायचं. म्हणून सकाळपासून पाणी बंद. चेअरमनच्या बायकोपासून डेअरीवर घागर घेऊन येणाऱ्या बाईपर्यंत सगळ्या जणींची ही एकच युक्ती, आणि उन्हाळा आता बेचाळीसच्या खाली येत नव्हता.

तिनं पाच दिवस वाट पाहिली. तिच्या मनाला एक वेडा नाद लागला होता. ते एकदा विचारतील. मोठं काही नको, "तुला बरं आहे ना?" एवढं. आल्यागेल्याला चहा देताना ती बापूंकडे बघायची. बापू छातीवर हात ठेवून कुणाला तरी सांगत असायचे, "बायकोनं धीर दिला म्हणून उभा आहे."

सहाव्या दिवशी दुपारी हॉल रिकामा पाहून ती समोर जाऊन उभी राहिली.

"अहो, ते एकतीस माझे आहेत ना?"

बापूंनी आधी दाराकडे बघितलं. "हळू."

"हळूच बोलतेय. माझे आहेत ना?"

"असतील गं. यंत्र आहे, चुकतं कधीतरी. निवडणूक एकदा होऊन जाऊ दे, मग दाखवू तुला कुणाला तरी." आणि तिचा चेहरा बघून समजुतीच्या सुरात म्हणाले, "दोन महिन्यांनी काय फरक पडतो?"

उज्ज्वला रिकामं शहाळं उचलून आत आली. तिला रडू येईल असं वाटलं होतं. आला तो संताप, आणि तोही बापूंपेक्षा स्वतःचाच जास्त. या माणसाच्या आयुष्यासाठी सव्वीस वर्षं वडाला फेऱ्या मारल्या आणि स्वतःचा नमुना त्याच्या नावानं देऊन टाकला. इतकी मूर्ख बाई अख्ख्या जिल्ह्यात शोधून सापडली नसती.

अपील मंजूर झालं, पण या खेपेला नमुना समक्ष द्यायचा होता. लॅबचा पुरुष कर्मचारी बाथरूमच्या दारात उभा राहणार. बापूंची पळवाट बंद झाली. त्या सकाळी ते देवघरात इतका वेळ बसले की देवालाही संकोच वाटला असेल. कर्मचारी बापूंना घेऊन आत गेला आणि नसरीन पाणी मागायला म्हणून स्वयंपाकघरात आली. पाणी प्यायलीच नाही. दार लोटून घेतलं आणि उज्ज्वलाच्या बारीक मनगटाकडे बघत म्हणाली, "ताई, पहिली बाटली तुमची होती."

उज्ज्वलाची नजर लोटलेल्या दाराकडे गेली.

"घाबरू नका. मी पोलीस नाही. लघवी कधी पातळ असते, कधी दाट, म्हणून यंत्र ती क्रिएटिनीनशी ताडून बघतं. क्रिएटिनीन म्हणजे स्नायूंचा रोजचा कचरा. मोठ्या अंगाचा जास्त, लहान अंगाचा कमी. त्या बाटलीतली लघवी इतकी दाट की दिवसभर पाण्याचा थेंब पोटात नसावा, आणि तरी क्रिएटिनीन चिमणीएवढं. चौऱ्याण्णव किलोच्या पैलवानाचं असं कधी होत नाही. मी वर लिहून दिलं. वरच्यांनी 'यंत्राचा दोष' असं लिहून कागद बंद केला. चेअरमनशी कोण वाकडं घेणार?" तिनं पिशवीतून रक्तदाबाचा पट्टा काढला. "हात द्या."

एकशे अडुसष्ट. नसरीननं पुन्हा मोजला. पुन्हा तेवढाच आला.

"दुखण्याच्या गोळ्या घेता?"

"रोज दोन. नऊ वर्षं झाली."

"पाणी?"

"जायला जागा नसते हो," उज्ज्वला म्हणाली, आणि हे वाक्य मोठ्यानं बोललं की किती खुळं वाटतं हे तिला पहिल्यांदाच जाणवलं.

नसरीननं मान हलवली. तीही दिवसभर गावोगाव नमुने गोळा करत फिरणारी बाई होती. "तुमचं वजन आणि वय अंदाजानं घालून मी पुन्हा हिशेब केला. एकतीस नाही, चोवीस येतात. कमी नाहीत. पण ताई, हा आकडा म्हणजे पत्रिका नव्हे. आज जसं चाललंय तसंच चालू ठेवलं तर चोवीस. गोळ्या बंद करा, रक्तदाबाचं औषध सुरू करा, पाणी प्या भरपूर. बऱ्याच जणांचा आकडा वर्षभरात निम्म्यावर येतो. नळ्या चिवट असतात, पाणी मिळालं तर पुन्हा अस्तर धरतात. मात्र या उन्हात निर्जळी उपास केलात, तर मग मी काही सांगू शकत नाही."

तिनं एका कागदावर मिरजेच्या एका डॉक्टरीणबाईंचं नाव लिहून दिलं. उज्ज्वलानं तो तांदळाच्या डब्यात ठेवला, कारण घरातला तो एक डबा कुणी पुरुष कधी उघडत नव्हता. दोन दिवसांनी माहेरी जाते म्हणून सांगून ती एकटी मिरजेला जाऊन आली. पांढऱ्या गोळ्या बंद झाल्या. गुडघे ठणकत राहिले. त्या बदल्यात ती रोज पहाटे, घर उठायच्या आत, तांब्याभर पाणी प्यायची आणि कुणाला सांगायची नाही.

बापूंचा खरा आकडा आला तो सहा टक्के.

होय, सहा. हिरवागार. वीस वर्षं मटण आणि बाटल्या, कुणासाठी कधी एक वेळ उपाशी राहिला नाही, आणि माणूस ठणठणीत. देवाच्या दरबारात न्याय असतो असं म्हणणाऱ्यांनी आंबेखिंडला येऊन बापूंची लघवी बघावी. नसरीननं फोनवर सांगून पाहिलं, की अंग मोठं असलं की आकडा जरा कमीच दिसतो, जपून राहा. पण बापूंनी तोवर फटाके आणायला माणूस पाठवला होता. उगाच घाबरून बायकोची बाटली दिली नसती तर काही झालंच नसतं, हे त्यांना उमगलं की नाही देव जाणे. उमगलं असलं तरी त्यांनी ते चेहऱ्यावर येऊ दिलं नाही.

आणि मग झालं ते फक्त आपल्याकडेच होऊ शकतं.

दोन आठवड्यांत एकतीसचे सहा! याला कारण हवं. यंत्र चुकलं म्हणावं तर यंत्राची कंपनी कोर्टात खेचणार. नमुना बदलला म्हणावं तर बापू घरी. कारण शोधून काढलं निवास सुतारानं, आणि ते आईसाहेबांना इतकं पटलं की त्यांनी सुनेला जवळ घेऊन तिच्यावरून बोटं मोडली.

"तुझ्या उपासाला फळ आलं गं बाई."

झालं. वहिनींच्या व्रतानं बापूंचं मरण टळलं. तालुकाभर फलक लागले, वडाच्या झाडाखाली उज्ज्वलाचा आठ वर्षांपूर्वीचा फोटो, शेजारी तिच्या चौपट आकाराचे बापू. 'आधुनिक सावित्रीचा भव्य सत्कार. वटपौर्णिमा, सकाळी अकरा, दूध संघाचं आवार. सर्व माता-भगिनींनी निर्जळी उपास करून बापूंच्या दीर्घायुष्यासाठी यावे.' मतदान त्यानंतर नऊ दिवसांनी होतं. योगायोगच म्हणायचा.

आदल्या संध्याकाळी बापू स्वतः साडी घेऊन आले. "उद्या फक्त बसायचंय. बोलायचं ते सुतारानं लिहून दिलंय, चार ओळी."

"मला डॉक्टरनं निर्जळी करू नको म्हणून सांगितलंय," उज्ज्वला म्हणाली.

"कुठल्या डॉक्टरनं?"

"मिरजेच्या. माझा रक्तदाब एकशे अडुसष्ट होता. आकडा चोवीस आहे."

तिनं त्यांना ही शेवटची संधी दिली होती, हे तिचं तिलाच ठाऊक. बापूंनी खिशातल्या किल्ल्या चाळवल्या. खरोखर काहीतरी विचार करत होते. मग म्हणाले, "लोकांसमोर पिऊ नकोस म्हणजे झालं. सकाळी गपचूप घे दोन घोट."

उज्ज्वलानं साडीची घडी मोडून पाहिली. हिरवीच होती.

दूध संघाच्या आवारात सकाळी साडेअकराला पत्र्याच्या मांडवाखाली सहाशे बायका बसल्या होत्या. पाण्याचं धुकं फेकणारे पंखे होते ते स्टेजच्या दिशेनं लावलेले. बायका पहाटे गोठा आवरून, दूध घालून, न पिता न खाता आल्या होत्या. संघाचं दूध म्हणजे त्यांचंच दूध. पण त्या आवारात त्यांच्यासाठी एकही संडास नव्हता, पंचेचाळीस वर्षांत बांधलाच नव्हता. होतं ते एकच, चेअरमनच्या केबिनला जोडलेलं, इटालियन फरशीचं, आणि त्याची किल्ली बापूंच्या खिशातल्या जुडग्यात.

साडेबारा वाजले. सहा जणांची भाषणं झाली, त्यातल्या पाच पुरुषांनी स्त्रीशक्तीवर सांगितलं. तिसऱ्या रांगेतली एक बाई घेरी येऊन आडवी झाली, तिला शेजारणींनी पदरानं वारा घातला. संग्रामनं माइकवर सांगितलं, "बघा, किती ही भक्ती!" मग उज्ज्वलाला खण-नारळ देऊन, हार घालून माइकपुढे उभं केलं. सुतारानं चार ओळींचा कागद हातात सरकवला.

तिनं कागद घडी करून कनवटीला खोचला आणि पाहुण्यांसाठी टेबलावर ठेवलेला पाण्याचा तांब्या उचलला. भांडं घेतलं नाही. तांब्याच तोंडाला लावला आणि सगळा प्यायली. सहाशे बायकांना कर्ण्यातून तिचे घोट ऐकू आले. पहिल्या रांगेतल्या आईसाहेब, "अगं, अगं, आज निर्जळी," एवढंच म्हणू शकल्या.

तिनं तांब्या खाली ठेवला.

"एकतीस टक्के बापूंचे नव्हते," ती म्हणाली. शब्द नीट येत होते. "माझे होते. बाटली मी भरून दिली होती, त्यांनी सांगितलं म्हणून. त्यांचे पहिल्यापासून सहाच आहेत. उपासानं काही झालेलं नाही त्यांना. उपासानं झालंय ते मला. पाणी न पिऊन आणि दुखण्याच्या गोळ्या खाऊन माझी मूत्रपिंडं खराब व्हायला लागलीत आणि आता हृदयावर आलंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या पाणी पीत जा. मी त्यांना सांगितलं, जायला जागा नसते."

बापू खुर्चीतून अर्धे उठले होते, हसू तसंच चिकटवून. "तिला उन्हाचं होतंय. सुतार, माइक—"

सुतार जागचा हलला नाही. त्याच्या साडूचं पॅनेल आता नक्की येणार, एवढा हिशेब त्याचा झाला होता.

उज्ज्वला वळली आणि बापूंसमोर हात पसरून उभी राहिली.

"किल्ली द्या."

"कसली किल्ली?"

"तुमच्या केबिनच्या बाथरूमची. मला जायचंय."

ती मागत नव्हती, सांगत होती. सहाशे बायका बघत होत्या. बापूंचा हात खिशात गेला, जुडगा खुळखुळला, आणि तो त्यांनी तिच्या हातावर ठेवला.

ती स्टेजच्या पायऱ्या गुडघे सांभाळत उतरली आणि आवार ओलांडून केबिनकडे गेली. बाहेर आली तेव्हा दारात घेरी आलेली ती बाई दोघींच्या आधारानं उभी होती. तिच्या मागं आणखी चौघी, त्यांच्या मागं दहा, आणि मांडवातून आणखी उठत होत्या. कुणी घोषणा दिली नाही. पाण्याचं एक पिंप कुणीतरी ढकलत आणलं होतं, त्यावर पेला फिरत होता. स्टेजवर बापू, संग्राम आणि पाच वक्ते रिकाम्या होत चाललेल्या मांडवाकडे तोंड करून बसले होते.

रांगेला बाजूनं वळसा घालत, काठी टेकत, आईसाहेब आल्या. चेअरमनच्या आई, त्याआधी चेअरमनच्या बायको; बापूंचे वडीलही याच खुर्चीत बसले होते. सुनेकडे त्यांनी बघितलं नाही. पेला घेतला, पाणी प्यायल्या, तोंड पुसलं.

"सरका गं जरा पोरींनो," त्या म्हणाल्या. "मी चाळीस वर्षं धरून बसलेय."